स्वखुशीने

ते पत्र येऊन आठ महिने झाले. आखीव वहीतून फाडलेली सात पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली, आणि अक्षर उजवीकडे सरकता सरकता खाली उतरत जाणारं. शेवटच्या पानावर मागणं एवढंच होतं : "भाऊसाहेब, तो अर्ज मी माझ्या मनाने लिहिला नव्हता, मजकूर तुम्ही सांगितलात, एवढं एका ओळीत लिहून द्या. तेरा तारखेला समितीपुढे सुनावणी आहे." मी पत्र तीन वेळा वाचलं, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि तेरा तारीख जाऊ दिली.

एकतीस वर्षं मी एका शाळेत हेडक्लार्क होतो. आलेल्या पत्राला सात दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, हा नियम मीच कार्यालयात लावला होता. चारचौघांत बोलायला उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण कागदावर मी बरा आहे, असा माझा समज होता. आता तोही तितकासा उरलेला नाही. तरी जे झालं ते सांगतो. यातलं बरंचसं त्या बाईंच्या पत्रातलं आहे आणि थोडं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं. ते थोडंच जास्त जड आहे.

आमच्या शाळेने कधी कुठल्या मुलाला काढलं नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हे अभिमानाने सांगत, आणि कागदोपत्री ते खरं होतं. मुलाला शाळा काढत नसे, पालक नेत. आधी मुलाच्या डायरीत रोज शेरे पडत. मग पालकांना बोलावणं जाई. मोठ्या बाई चहा मागवत आणि म्हणत, "तुमच्या लेकराच्या भल्याचंच सांगते." कप रिकामे झाले की पालकांना माझ्या टेबलाकडे पाठवत : "भाऊसाहेब, यांना अर्ज लिहायला जरा मदत करा."

अर्जाचा नमुना माझ्या उजव्या खणात, प्लास्टिकच्या पाकिटात असे. पालकांनी तो स्वतःच्या हाताने उतरवायचा, अशी पद्धत होती. मूळ नमुन्यात फक्त 'कौटुंबिक कारणास्तव' होतं. वाक्य एका बाजूला कलल्यासारखं वाटे, म्हणून पुढे 'स्वखुशीने' हा शब्द मी घातला. मोठ्या बाई खूश झाल्या होत्या. "भाऊसाहेब, तुमच्या हाताला वळण आहे," म्हणाल्या. मीही खूश झालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाई कपडे आल्टर करून देणाऱ्या दुकानात शिवणकाम करत. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. मुलगा एकुलता, सात वर्षांचा, दुसरीत. तान्हा असताना तो इतका शांत पडून राही की बाप म्हणायचा, "हा आपल्याकडे राहायला आलाय की नुसता पाहुणा आहे?" तेच नाव पडलं. पाहुणा साडेतीन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. बाईंनी पत्रात लिहिलं होतं, "त्या दिवशी घरी येऊन मी त्याच्याकडे नीट बघितलं. सकाळी होता तोच होता. बदलले ते आजूबाजूचे लोक."

त्यांची सकाळ ठरलेली असे. पाहुणा उठला की आधी घरातल्या सगळ्या चपला भिंतीला टाच लावून उभ्या करायचा. मग पांढरं तेवढंच खायचा : भात, दूध, सोललेलं सफरचंद. सफरचंद काळवंडायच्या आत संपलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या तुकड्यांशी त्याचा संबंध संपे. बोलण्यात शेवटचा शब्द उचलायचा. आई म्हणाली "शर्ट घाल", की तो "घाल". बाप म्हणाला "चल रे, उशीर झाला", की तो "झाला". बाई दुकानात मैत्रिणींना सांगत, "आमच्या घरात वाद होतच नाही. मी बोलते, मुलगा अनुमोदन देतो."

शाळेत त्याचं बरं चाललं होतं. खिडकीजवळची जागा ठरलेली, आणि घंटा वाजायच्या आधी वर्गशिक्षिका त्याच्या खांद्यावर बोट ठेवत, म्हणजे तो कान झाकून घेई. दर बुधवारी सरकारी विशेष शिक्षिका येत. पटावर नाव असलेल्या अशा मुलांना शिकवायला त्या शाळाशाळांतून फिरत. त्यांच्याजवळ बसून पाहुणा चित्रांच्या कार्डांवरून मागायला शिकला होता : पाणी हवं, बाहेर जायचं, पुरे झालं. 'पुरे झालं'चं कार्ड दाखवून त्याने एकदा मामाला घरातून घालवलं होतं. मामा गेला, पण हसत गेला.

मग एका सोमवारपासून सगळं बिघडलं. पाहुणा बाकावर डोकं आपटू लागला. शेजारच्या मुलीच्या हाताला चावला. डायरीत लाल शाईचे शेरे सुरू झाले : 'वर्गात किंचाळतो.' 'इतर मुलं घाबरतात.' 'घरी शिस्त लावावी.' घरीही तो झोपेतून उठून भिंतीशी जाऊन बसे. बाईंनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "अशी मुलं हे करतातच. वाढत्या वयात वाढतं," म्हणाले आणि झोपेचं औषध लिहून दिलं.

"मीसुद्धा मानलं, भाऊसाहेब," असं पत्रात होतं. "दुसरं कुणाचं पोर असं रडलं असतं तर मी आधी विचारलं असतं, कुठे दुखतंय रे? माझ्याच पोराला विचारायचं राहिलं. तो सांगू शकत नाही म्हणून विचारलंच नाही."

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाईंनी चहा मागवला.

त्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर बसल्या, तेव्हा दुकानातून तशाच आल्या होत्या. पदराला दोन टाचण्या टोचलेल्या. पाहुण्याला बसायला मी स्टूल दिलं, पण तो माझ्यामागच्या लोखंडी कपाटापाशी गेला आणि दाराला डावा गाल लावून उभा राहिला, कुणी आत बोलतंय ते ऐकत असावं तसा. मला त्याची गंमत वाटली.

मी नमुना पुढे केला, पण बाईंचा चष्मा दुकानातच राहिला होता. म्हणून मी वाचून दाखवू लागलो आणि त्या लिहू लागल्या.

"माननीय मुख्याध्यापिका यांस, स्वल्पविराम."

"स्वल्पविराम," पाहुणा कपाटातून बोलावं तसं बोलला.

बाई हसल्या. "बघा. आणि म्हणतात, शाळेत याच्या डोक्यात काही शिरत नाही."

मीही हसलो असेन. पुढे सांगितलं, "माझ्या पाल्याचे नाव कौटुंबिक कारणास्तव, स्वखुशीने..."

त्यांचा पेन थांबला. "स्वखुशीने कशाला? यात खुशी कुणाची आहे?"

"तशीच पद्धत."

"पद्धत," पाहुणा म्हणाला.

"आणि कौटुंबिक म्हणजे? आमच्या कुटुंबात काय झालंय? कुणी मेलं नाही, गाव सोडलेलं नाही. खरं कारण लिहिलं तर चालणार नाही का?"

मी खाली बघत म्हणालो, "खरं कारण लिहिलं तर दुसरी शाळा घेणार नाही, बाई. त्यापेक्षा हे बरं." हे वाक्यही दर वेळचंच होतं. पालक त्यापुढे गप्प होत, आणि वर माझे आभार मानत.

त्यांनी लिहिलं. मी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथे सही करा."

"करा," पाहुणा म्हणाला.

सही झाली. बाई त्याला घ्यायला गेल्या तर तो कपाट सोडेना. ओढलं तेव्हा किंचाळला आणि त्याने स्वतःच्याच डोक्यावर मूठ मारली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या, त्याच वर्गातल्या मुलांच्या दोन आया एकमेकींकडे बघून हळू बोलल्या, "बरं झालं बाई, सुटलो." मायलेक गेले.

मी वळून पाहिलं. कपाटाच्या दारावर, त्याच्या कानाच्या उंचीवर, रुपयाएवढा पिवळट ओला डाग होता. त्याला वास येत होता. मी खणातलं फडकं घेतलं, डाग पुसला, हात धुतले आणि अर्जाला आवक क्रमांक दिला.

अठरा दिवसांनी बाईंना त्याच्या उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं. नवरा-बायको त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या कानाच्या डॉक्टरीण बाईंनी बॅटरी लावून एकदा आत बघितलं आणि विचारलं, "हे किती दिवसांचं आहे?" कान आतून सडला होता. पडदा गेला होता, आणि आतली नाजूक हाडंही खाल्ली गेली होती. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण डाव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ संपलं. औषधाने दुखणं थांबल्यावर तिसऱ्या दिवशी पाहुणा उठला आणि त्याने वॉर्डातल्या सगळ्यांच्या चपला भिंतीला लावल्या. त्यानंतर ना डोकं आपटणं, ना चावणं.

लोखंडाचा गारवा त्या कानाला बरा वाटत होता, हे आता मलाही कळतं. कळायला सात पानं लागली.

बाप इस्पितळातले रिपोर्ट घेऊन शाळेत आला. अंगावर कामाचे कपडे, हाताला ग्रीस. मोठ्या बाईंच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"त्याचा कान दुखत होता, मॅडम. आता बरा आहे. त्याला परत घ्या."

"अहो, पण तुम्हीच स्वखुशीने नाव काढलंत. जागा भरली. आता माझ्या हातात काय आहे?"

तो म्हणाला, "मी लिफ्टचं काम करतो. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस ओरडतो. आम्ही त्याला शिस्त लावत नाही, मॅडम. आधी दार उघडतो."

मोठ्या बाईंनी शिपायाला बोलावलं. बाप माझ्या टेबलासमोरून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसलो होतो, त्याला तरी काय दिसणार.

आणखी तीन शाळांनी नाही म्हटलं. पटावर नाव नाही म्हणून बुधवारच्या विशेष शिक्षिकाही बंद झाल्या. बाईंनी दुकान सोडलं आणि घरीच शिवायला घेतलं. पाहुणा दिवसभर मशीनच्या बाजूला बसू लागला. कार्डांवरून मागायची सवय सुटत चालली. 'बाहेर जायचं' हे कार्ड त्याने एक दिवस स्वतःच गादीखाली सारून दिलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी शाळांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी समितीकडे तक्रार केली. समितीपुढे शाळेने एकच कागद ठेवला. त्या सुमारास मी निवृत्त झालो होतो. त्यांनी शिपायाकडून माझा पत्ता घेतला आणि ते पत्र लिहिलं.

मी उत्तर का दिलं नाही, याची कारणं माझ्याकडे होती. माझी सून त्याच शाळेत चौथीला शिकवते आणि अजून कायम झालेली नाही. मोठ्या बाईंनीच तिला घेतलं होतं, माझ्या शब्दाखातर. शिवाय वाटे, माझ्या एका ओळीने काय होणार? ही कारणं खोटी नाहीत. पण कपाटावरचा डाग त्या कोणत्याच कारणात बसत नव्हता, म्हणून मी पत्रच मिटून ठेवलं.

गेल्या आठवड्यात मी कानाचं यंत्र घ्यायला इस्पितळात गेलो. ओळीत बसलो होतो. समोर एक मुलगा फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवत येरझाऱ्या घालत होता. डोक्यावर कारखान्यात आवाजासाठी लावतात तसली जाडजूड कानटोपणं. तो माझ्यापाशी थांबला, माझ्या शर्टाचं दोऱ्यावर लोंबणारं बटण त्याने निरखलं, हिसका देऊन तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"अरे अरे! माफ करा हं. याला लोंबणारं काही चालत नाही." बाई धावत आल्या आणि थबकल्या. "भाऊसाहेब ना?"

मी मान हलवली.

त्या शेजारी बसल्या. "तुम्हालाही कान?"

"उजवा."

"याचा डावा. दोघांत मिळून एक जोडी होते बघा." त्या हसल्या. मला हसता आलं नाही. माझ्याकडे बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी एक पत्र लिहिलं होतं तुम्हाला. पत्ता शिपायाने सांगितला होता. चुकला असेल, नाही का?"

त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. 'हो, चुकला असेल,' म्हणायला काही लागत नव्हतं. समोरून पाहुणा बघत होता. माझ्याकडे नव्हे, बटण गेलेल्या जागेकडे.

"मिळालं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे पत्ता बरोबर आहे."

मी विचारलं, सुनावणीचं काय झालं. "पुढे ढकलली. सत्तावीसला शेवटची. साहेब म्हणतात, बाई, अक्षर तुमचं, सही तुमची, आम्ही कुणाला जबाबदार धरायचं? मी म्हटलं, अक्षर माझं, शब्द माझे नव्हेत. ते म्हणाले, पुरावा आणा. शब्द कुणाचे होते याचा पुरावा कुठून आणतात, भाऊसाहेब? तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल."

आतून तंत्रज्ञ ओरडला, "ओ आजोबा, तिसऱ्यांदा हाक मारतोय! ऐकू येत नाही का?"

"म्हणूनच तर आलेत ते," बाईंनी माझ्या वतीने उत्तर दिलं.

संध्याकाळी सून वाळलेले कपडे घड्या करत होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, डागासकट. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"तो नमुना अजून चालतो, बाबा. आता कॉम्प्युटरमध्ये आहे. छापील कागद देतात, पालकांनी बघून उतरवायचा."

"यंदा किती जणांनी उतरवला?"

"मी मोजत नाही. मोजलं की दुसऱ्या दिवशी वर्गावर जाववत नाही." तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "माझं कायम झाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात निघणार आहे. एक महिना थांबाल?"

"तारीख सत्तावीस आहे."

"मग मला विचारताय कशाला? परवानगी हवीय, की पाप वाटून घ्यायला माणूस हवंय?"

तिने कपड्यांचा गठ्ठा उचलला. दारापाशी थांबली.

"लिहायचंच असेल तर तारीख, साल, सगळं नीट लिहा. अर्धवट लिहिलंत तर माझी नोकरी जाईल आणि त्या पोराचंही काम व्हायचं नाही." मग ती आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. तिचं चुकलं, असं मला म्हणवत नाही.

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या कागदावर मी माझ्या तब्येतीबद्दल, मोठ्या बाईंच्या दबावाबद्दल आणि त्या काळच्या परिस्थितीबद्दल इतकं लिहिलं की मुलाचा उल्लेख दुसऱ्या पानावर आला. तो फाडला. दुसऱ्यात वाक्यं फार सुबक झाली. तोही फाडला. तिसरा असा :

"आपला अर्ज मी सांगितलेल्या शब्दांत लिहिला गेला. 'कौटुंबिक कारणास्तव' हे कारण खोटे होते. ते खोटे आहे हे मला आणि मुख्याध्यापिकांना माहीत होते. 'स्वखुशीने' हा शब्द माझा. आपण त्याला हरकत घेतली होती, ती मी मोडून काढली. त्या दिवशी आपला मुलगा माझ्या कपाटाला कान लावून उभा होता. तो गेल्यावर दारावर पू दिसला. मी तो पुसला आणि कुणाला सांगितले नाही. त्याच दिवशी आपल्याला सांगितले असते तर अठरा दिवस वाचले असते, आणि कदाचित कान. अशाच प्रकारे आणखी दहा मुलांचे अर्ज मी लिहवून घेतले. त्यांची साले आणि इयत्ता सोबत जोडत आहे. समिती बोलावील तेव्हा मी हजर राहीन."

ती दहा मुलं आता कुठे आहेत, मला माहीत नाही. यादी करताना काहींचे चेहरे आठवले, काहींची नुसती दप्तरं. एकीचा बाप सही करताना म्हणाला होता, "साहेब, ती गाणं ऐकलं की गप्प बसते हो, तेवढं कुणाला तरी सांगा." तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी काही मोठा दुष्ट माणूस नाही. शाळेत दुष्ट माणूस शोधू गेलात तर सापडणारही नाही. चहा पाजणाऱ्या बाई, शेरे लिहिणाऱ्या शिक्षिका, सुटलो म्हणणाऱ्या आया आणि शुद्ध लिहिणारा एक कारकून, एवढीच माणसं तिथे होती. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा टेबलामागे बसत असेल, तर समोरच्या आईच्या हातात पेन देण्याआधी तिचं मूल कुठे उभं आहे ते एकदा बघा. एवढं सांगण्याचा अधिकार तरी मला आहे की नाही, कुणास ठाऊक.

काल, बावीस तारखेला, मी पोस्टात गेलो. दोन पाकिटं होती, एक बाईंना आणि एक समितीला. खिडकीतल्या मुलीने ती उलटीपालटी केली.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता कुठाय? रजिस्टरला लागतो."

मी दोन्ही पाकिटांवर नाव लिहिलं. मागे रांग खोळंबली होती. तिने वजन केलं, शिक्के मारले आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली. मी खिडकी सोडली नाही.

"अजून काही?"

"पोचायला किती दिवस लागतील?"

"गावातल्या गावात?" तिने पावती पुढे सरकवली. "दोन दिवस, आजोबा. फार तर तीन."